सल्फा चालत नाही, मग बीपीची गोळी चालेल का?

१. दुकानातला प्रश्न

"भाऊ, मले सल्फा चालत नाही. हे गोळी चालन का?"

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या औषध दुकानांत हा प्रश्न नवा नाही. विचारणारी बहुधा साठी ओलांडलेली बाई असते, किंवा मिलमधून कधीच निवृत्त झालेले काका. चिठ्ठीवर टेल्मिसार्टनच्या नावापुढे 'एच', 'सीएच' किंवा 'सीटी' अशी अक्षरं चिकटलेली असतात. दुकानदार पाकिटातलं माहितीपत्रक उलगडतो. बारीक अक्षरांत मजकूर असतो की सल्फोनामाइड गटाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ही गोळी देऊ नये. तो स्ट्रिप परत कपाटात ठेवतो आणि म्हणतो, "काकू, एकदा डॉक्टरांना विचारून या." काकू घरी जातात. डॉक्टरांकडे जातातच असं नाही. महिनाभर बीपी तसंच चढलेलं राहतं.

उत्तर आधीच सांगून टाकतो: बहुतेकांना ही गोळी चालते. ज्यांनी खरोखर सावध राहायला हवं असे लोक थोडे आहेत. त्यांना ओळखायचं कसं, हेही पुढे येईलच. पण 'चालते' म्हटल्यावर 'मग पाकिटावर तसं का छापलंय?' हा पुढचा प्रश्न येणार, म्हणून जरा मागून सुरुवात करू.

त्याआधी एक गोष्ट मोकळी करून घेऊ. बीपीच्या सगळ्याच गोळ्यांना हा प्रश्न लागू नाही. अमलोडिपिन, टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल, अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांत सल्फा नाही. प्रश्न आहे तो आपल्याकडे लोक ज्यांना 'लघवीची गोळी' म्हणतात त्यांचा: हायड्रोक्लोरोथायाझाइड (चिठ्ठीवरचा 'एच'), क्लोरथॅलिडोन ('सीएच' किंवा 'सीटी'), इंडापमाइड, आणि पायाला सूज आली की देतात ती फ्युरोसेमाइड म्हणजे लॅसिक्स. या गोळ्या मूत्रपिंडाकरवी जास्तीचं मीठ आणि पाणी बाहेर काढतात आणि रक्तवाहिन्यांवरचा ताण उतरवतात.

२. एकाच कुळातली औषधं

१९३२ मध्ये जर्मनीत गेरहार्ड डोमाक हे शास्त्रज्ञ कापड रंगवायच्या रंगांसारखी रसायनं उंदरांवर तपासून पाहत होते. प्रॉन्टोसिल नावाच्या एका तांबड्या रंगाने जंतुसंसर्ग झालेले उंदीर वाचले. १९३५ मध्ये हे जाहीर झालं. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी दाखवलं की रंगाचा यात काही हात नाही. शरीरात रंग तुटतो आणि त्यातून सल्फानिलामाइड नावाचा साधा तुकडा सुटतो, तो जंतूंना आवरतो. हे पहिलं सल्फा. पेनिसिलिन अजून दवाखान्यांत पोचायचं होतं. बाळंतरोग, न्यूमोनिया, सडलेल्या जखमा यांवर माणसाच्या हाती पहिल्यांदाच काहीतरी आलं. डोमाक यांना १९३९ चं नोबेल जाहीर झालं, पण हिटलरच्या राजवटीने ते घेऊ दिलं नाही.

आता गंमत पाहा. सल्फानिलामाइड घेणाऱ्या रुग्णांच्या लघवीत बदल होतो, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. औषध मूत्रपिंडातल्या एका विकराला अडवत होतं, त्यामुळे क्षार जास्त बाहेर पडत होते. १९४९ मध्ये बोस्टनच्या विल्यम श्वार्ट्झ यांनी हृदय थकून अंगावर सूज आलेल्या तीन रुग्णांना मुद्दाम सल्फानिलामाइड दिलं, आणि त्यांच्या अंगातलं पाणी उतरलं. पण इतक्या मोठ्या मात्रेत ते औषध सोसणारं नव्हतं. मग अमेरिकेतल्या मर्क कंपनीत कार्ल बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रेणूत फेरफार करत क्लोरोथायाझाइड तयार केलं. साल १९५७. आज दुकानात मिळणारी 'एच' ही याच औषधाची पुढची आवृत्ती.

त्याआधी बीपीवर फारशा गोळ्याच नव्हत्या म्हणा ना. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरचा अभ्यास ब्रिटिश नियतकालिकात छापला, तेव्हा जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. गांधीजी वर्ध्याजवळ राहायला आल्यानंतरच्या काळात त्यांचा रक्तदाब अनेकदा चढलेला असे. १९४० च्या फेब्रुवारीतली एक नोंद २२०/११० अशी आहे. एवढा आकडा दिसल्यावर आजचा डॉक्टर त्याच दिवशी गोळ्या लिहून देईल. तेव्हाच्या डॉक्टरांकडे विश्रांती आणि पथ्य यांपलीकडे फारसं काही नव्हतं.

मधुमेहाची गोष्टही याच कुळातली. १९४२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथे विषमज्वराच्या रुग्णांना एक नवं सल्फा औषध दिलं, आणि त्यांची रक्तशर्करा धाडकन उतरली. त्या धाग्यावरून पुढे शुगरच्या गोळ्या आल्या. घरोघरी असलेली ग्लिमेपिराइड त्यातलीच.

म्हणजे नातं खरं आहे. पाकिटावरचा मजकूर हे नातं पाहून छापला गेला. प्रश्न एवढाच की नातं आहे म्हणून दोषही तोच असतो का?

३. शिंग आणि शेपूट

बैलाने कुणाला शिंगावर घेतलं तर तो माणूस पुढे बैलापासून चार हात लांब राहतो. पण बैलाला शेपूट होतं म्हणून तो कुत्र्याला, मांजराला, गाढवाला भीत नाही. इजा शिंगाने झाली, शेपटाने नाही.

या साऱ्या औषधांचं सामाईक शेपूट म्हणजे सल्फोनामाइड: गंधकाचा एक अणू, त्याला दोन ऑक्सिजन आणि एक नायट्रोजन जोडलेला. हे शेपूट सेप्ट्रान या जंतुनाशक सल्फाच्या गोळीत आहे, 'एच'मध्ये आहे, लॅसिक्समध्ये आहे. अ‍ॅलर्जीचा संबंध शेपटाशी नाही.

सेप्ट्रानमधल्या सल्फामेथॉक्साझोलला दोन शिंगं आहेत. पहिलं, रेणूच्या एका टोकाला कड्याला थेट चिकटलेला मोकळा अमाइन, म्हणजे एक नायट्रोजन आणि दोन हायड्रोजन. यकृत औषधाची विल्हेवाट लावताना या अमाइनवर काम करतं, आणि काही माणसांत त्यातून असा तापट पदार्थ तयार होतो की तो शरीरातल्या प्रथिनांना जाऊन चिकटतो. प्रतिकारशक्तीला ते प्रथिन परकं वाटतं. सातव्या-आठव्या दिवशी अंगभर पुरळ आणि ताप येतो तो या मार्गाने. दुसरं शिंग म्हणजे दुसऱ्या टोकाचं नायट्रोजन असलेलं कडं. गोळी घेतल्यावर तासाभरात अंगावर गांधी उठतात, ज्याला आपण 'पित्त उठलं' म्हणतो, त्यात बहुधा याचा हात असतो.

हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइड आणि ग्लिमेपिराइड यांना त्या जागी ही शिंगं नाहीत.

याच्याही पुढचा एक गैरसमज आहे, तो इथेच निपटू. गंधक वेगळं, सल्फेट वेगळं, सल्फा वेगळं. दम्याच्या औषधावर 'सल्फेट' लिहिलेलं असतं, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर 'बायसल्फेट' असतं, अमलोडिपिनच्या नावापुढच्या 'बेसिलेट'मध्येही गंधक आहे. कांदा, लसूण, अंडं यांत तर ते आहेच, आणि आपल्या केसांतही आहे. सल्फाच्या अ‍ॅलर्जीशी यातल्या कशाचाही संबंध नाही.

४. ९६९ माणसांचा हिशेब

रसायनशास्त्र कागदावर ठीक दिसतं, पण माणसांत काय होतं? २००३ मध्ये ब्रायन स्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदी चाळून हा प्रश्न तपासला. त्यांच्याकडे ९६९ माणसं अशी होती, ज्यांना आधी सल्फाच्या जंतुनाशक औषधाची अ‍ॅलर्जी झाली होती आणि नंतर लघवीच्या किंवा शुगरच्या गोळीसारखं जंतुनाशक नसलेलं सल्फा दिलं गेलं. त्यांतल्या ९६ जणांना पुन्हा काहीतरी झालं. म्हणजे शंभरात साधारण दहा. सल्फाची अ‍ॅलर्जी कधीच न झालेले १९,२५७ जण होते, त्यांत ३१५. शंभरात दोनही नाहीत.

इथे थांबलं तर पाकिटावरचा मजकूर बरोबर वाटेल. वय, आजार वगैरे जमेस धरून हिशेब केला तरी फरक पावणेतीन पट निघत होता. पण संशोधक थांबले नाहीत. याच लोकांना पेनिसिलिन दिलं तेव्हा काय झालं, हेही त्यांनी पाहिलं. पेनिसिलिनचा सल्फाशी काडीचा संबंध नाही. तरी सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना लघवीच्या गोळीपेक्षा पेनिसिलिनने जास्त वेळा त्रास झाला. उलट बाजूने तपासलं, तर लघवीच्या गोळीसारख्या औषधांचा त्रास पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांना सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांपेक्षा जास्त झाला होता.

याचा अर्थ लावायला डॉक्टर व्हायला नको. काही माणसांचं अंगच तसं असतं, कुठल्याही औषधाने लवकर उठणारं. त्यांना एका औषधाने पुरळ आलं की दुसऱ्या, तिसऱ्यानेही येण्याचा संभव जास्त. तो दोष दोन औषधांच्या नात्याचा नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की जंतुनाशक सल्फाची अ‍ॅलर्जी आहे एवढ्याच कारणाने बाकीची सल्फायुक्त औषधं टाळू नयेत. पाकिटातली माहितीपत्रकं मात्र सहसा जुनीच वाक्यं पुन्हा पुन्हा छापतात. एकदा छापलेला इशारा काढून टाकण्यात कंपनीचा फायदा काहीच नसतो.

आणखी एक तपासणी घरच्या घरी होते. औषधांचा डबा काढा. गेली कित्येक वर्षं ग्लिमेपिराइड चालू आहे का? कधी पायावरच्या सुजेसाठी लॅसिक्स घेतली होती का? गुडघेदुखीसाठी सेलेकॉक्सिब? ही सगळी शेपूटवाली औषधं. ती पचली असतील तर शेपटाची भीती आपोआप निकालात निघते. 'सल्फा चालत नाही' असं फायलीवर लिहिलेले कितीतरी मधुमेही रोज सकाळी शुगरची सल्फायुक्त गोळी बिनबोभाट घेत असतात.

५. खरोखर टाळायची औषधं

सल्फाची खरी तक्रार असलेल्यांनी ज्यांपासून जपायचं, त्या औषधांतलं एक वर्धा जिल्ह्याला जवळून माहीत आहे. १९३६ मध्ये विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाचं काम उभं राहिलं आणि गावोगाव फिरून रुग्ण शोधायचे, त्यांना समजावून सांगायचं आणि जागेवर औषध द्यायचं ही पद्धत इथे रुजली. ते औषध होतं डॅपसोन. आजच्या कुष्ठरोगाच्या बहुविध उपचारातही ते आहेच.

डॅपसोन रसायनशास्त्राच्या नेमक्या भाषेत सल्फोनामाइड नाही, त्याला ते शेपूट नाही. पण मोकळे अमाइन दोन्ही टोकांना, म्हणजे शिंगं दोन्हीकडे. त्यामुळे नावात सल्फा नसूनही सेप्ट्रानची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाने डॅपसोन घेण्याआधी डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. सरसकट बंदी नाही, अनेकांना ते सोसतं. पण सुरू केल्यावर चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमाराला ताप, पुरळ, कावीळ, गाठी सुजणं असा त्रास काहींना होतो आणि तो हलका नसतो.

बाकीची नावं लवकर सांगून टाकतो. सेप्ट्रान, बॅक्ट्रिम या नावांनी मिळणारं को-ट्रायमॉक्साझोल. भाजल्यावर लावायचं पांढरं सिल्व्हर सल्फाडायाझिन मलम. डोळ्यांत घालायचे सल्फासिटामाइडचे थेंब. सांधेवातात किंवा आतड्याच्या सुजेत दिली जाणारी सल्फासलाझिन, जी पोटात फुटून सल्फाच सोडते. आणि हिवतापाचं एक औषध: फाल्सिपॅरम जातीच्या मलेरियावर सरकारी कार्यक्रमात आर्टिसुनेटसोबत सल्फाडॉक्सिन देतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात कामाला जाणाऱ्या माणसाला सल्फाची खरी अ‍ॅलर्जी असेल, तर तिथल्या आरोग्यसेविकेला हे पहिल्या वाक्यात सांगायला हवं. बीपीच्या गोळीपेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही.

६. तेव्हा झालं काय होतं?

डॉक्टरने विचारायचा प्रश्न 'सल्फा चालते का?' असा नसावा. कोणती गोळी, कितव्या दिवशी, आणि अंगाला नेमकं काय झालं, हे तीन प्रश्न विचारले की निम्म्याहून जास्त गुंता सुटतो.

एक बाई सांगतात की तरुणपणी लघवीच्या जळजळीसाठी सेप्ट्रान घेतली, मळमळलं, उलटी झाली, डोकं गरगरलं. ही अ‍ॅलर्जी नाही, औषध पोटाला मानवलं नाही एवढंच. फायलीवरचा शिक्का पुसायला हरकत नाही.

मिलमधले एक निवृत्त कामगार सांगतात की सेप्ट्रान घेतली की खालच्या ओठावर एकाच जागी जळजळ होते, फोड येतो आणि काळसर डाग राहतो. दुसऱ्या वेळी पुन्हा तिथेच, आणि डाग आणखी गडद. हा प्रकार आपल्याकडे नेहमी दिसतो आणि तो औषधाचाच. त्वचेचा तो एवढा तुकडा त्या औषधाला लक्षात ठेवतो. यांनी सेप्ट्रान आयुष्यात घेऊ नये. क्लोरथॅलिडोन सहसा चालेल, फक्त पहिले काही दिवस त्या डागावर लक्ष असावं.

तिसऱ्या एका बाईची गोष्ट वेगळी. विशीत असताना सल्फाच्या गोळीनंतर तोंडात, डोळ्यांत फोड आले, कातडी सोलून निघाली, दोन आठवडे रुग्णालयात काढावे लागले. हा आजार जिवावर बेततो. जंतुनाशक सल्फा तिला कायमची बंद. तिच्या बीपीसाठी लघवीची गोळी पूर्ण वर्ज्य आहे असा पुरावा नाही, पण माझं मत विचाराल तर इतर गोळ्यांनी काम भागत असताना ती द्यायची घाई करू नये. अमलोडिपिन आणि टेल्मिसार्टन आहेत, तिसरी लागलीच तर स्पायरोनोलॅक्टोन आहे. त्यापलीकडे गरज पडली तर निर्णय फिजिशियनने समोर बसवून घ्यावा.

रक्ताचा एक वेगळा दोषही इथे मिसळला जातो. जीसिक्सपीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या माणसाला डॅपसोनसारख्या औषधाने तांबड्या पेशी फुटून लघवी काळपट होते, अंग पिवळं पडतं. ही अ‍ॅलर्जी नव्हे, पण तेही फायलीवर हवं.

७. एवढा खटाटोप एका गोळीसाठी का?

कारण ती गोळी स्वस्त आहे आणि कामाची आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑलहॅट या अमेरिकी अभ्यासात ३३,३५७ रुग्ण होते. जुनी क्लोरथॅलिडोन नव्या, महाग गोळ्यांच्या तुलनेत कुठेही मागे पडली नाही. भारतात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला. महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत वर्धा होता. सरकारी दवाखान्यात ठरलेल्या क्रमाने गोळ्या द्यायच्या, अशी त्याची पद्धत: आधी अमलोडिपिन, आटोक्यात नाही आलं तर टेल्मिसार्टन, त्यानेही भागलं नाही तर लघवीची गोळी. या तिसऱ्या पायरीवर येऊन माणूस जुन्या, अर्धवट आठवणाऱ्या पुरळापायी अडकला, तर त्याचं बीपी १६०-१७० वर रेंगाळतं. पक्षाघात वाट पाहत नाही.

८. लघवीच्या गोळीची खरी काळजी

गंमत अशी की या गोळीबाबत ज्याची भीती बाळगायला हवी त्याची कुणी बाळगत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. घामावाटे मीठ जातंच, गोळीही मीठच काढते, आणि वर माणूस नुसतं पाणी पीत राहतो. अशाने रक्तातलं सोडियम उतरतं. हाडकुळ्या, वयस्कर बायकांना याचा धोका सर्वांत जास्त. लक्षणं फसवी असतात: गळून जाणं, मळमळ, बोलण्यात घोटाळा, चालताना तोल जाणं. घरचे म्हणतात, 'म्हातारीले ऊन लागलं.' अशा वेळी गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्या दिवशीची गोळी घ्यायची की नाही, हेही डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवावं.

या गोळीने काहींच्या उघड्या त्वचेवर उन्हाने पुरळ येतं. कापूस वेचणीला जाणाऱ्या बाईच्या फक्त हातांवर आणि मानेवर उठलं, तर कारण ऊन आणि गोळी यांची जोडी असू शकतं. आणि कुणाला या गोळीचीच स्वतंत्र अ‍ॅलर्जी होऊ शकते, तशी ती कुठल्याही औषधाची होते. ओठ, जीभ सुजली, श्वास अडला, तर विचार करत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

'एच' किंवा क्लोरथॅलिडोनची सुरुवात सहसा छोट्या मात्रेने, १२.५ मिलिग्रॅमने करतात. गोळी सकाळी घ्यावी, म्हणजे रात्री उठाबशा होत नाहीत. दोन ते चार आठवड्यांनी सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावं, गाऊट असेल तर युरिक अ‍ॅसिडही. आणि फायलीवर 'सल्फा अ‍ॅलर्जी' एवढंच न लिहिता डॉक्टरांकडून सविस्तर लिहून घ्यावं: औषध सेप्ट्रान, आठव्या दिवशी अंगभर पुरळ, तोंडात फोड नाहीत, ग्लिमेपिराइड चालते.